‘दप्तरी दाखल’ म्हणजे मंजूर की नामंजूर? नगरपरिषदेच्या सभेतले काही शब्द

मूळ प्रश्न

नमस्कार. एका शब्दप्रयोगाचा अर्थ विचारायचा आहे. तो का विचारते आहे तेही सांगते.

आमच्या आळीच्या टोकाला नगरपरिषदेची एक खोली आहे, पूर्वीच्या जकात नाक्याची. जकात गेली तेव्हापासून ती कुलूपबंद आहे. तिथे मुलांसाठी अभ्यासिका करावी म्हणून आम्ही १४० सह्यांचा अर्ज दिला. आमच्या नगरसेविकांनी तो विषय सभेपुढे नेला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, ‘तुमचा विषय दप्तरी दाखल झाला.’ मी आळीतल्या मुलांना सांगून टाकलं की काम झालं. दोन महिने काहीच हललं नाही तेव्हा चौकशीला गेले. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, ‘अहो, तो विषय तर संपला.’

मुलगा शाळेत दाखल होतो, रुग्ण दवाखान्यात दाखल होतो, पोलिसांत गुन्हा दाखल होतो. या सगळ्या ठिकाणी दाखल होणं म्हणजे पुढच्या गोष्टीची सुरुवात. मग दप्तरी दाखल झालेला विषय संपतो कसा? मी शब्द चुकीचा समजले की मला चुकीचं सांगितलं गेलं?

प्रतिसाद

ताई, तुम्हाला खरं सांगितलं गेलं, पण अर्थ कुणी उलगडून दिला नाही. मी एका नगरपरिषदेच्या सभा शाखेत एकतीस वर्षं काम केलं, इतिवृत्तं म्हणजे सभेच्या कामकाजाच्या नोंदी लिहिल्या, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

‘दप्तरी’ हे रूप ‘घरी’, ‘दारी’ यांच्यासारखं आहे. दप्तरी म्हणजे दप्तरात. आता दप्तर म्हटलं की शाळेची पिशवी डोळ्यांपुढे येते, पण मूळ फारसी शब्दाचा अर्थ नोंदींची वही, कागदपत्रांचा संग्रह असा. पुण्याचं पेशवे दप्तर त्याच अर्थाने दप्तर. तिथले कागद कापडात बांधून ठेवत आणि त्या गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणत. कारकुनाच्या दृष्टीने कागदाला दोनच जागा: एक टेबल, दुसरी रुमाल. टेबलावरचा कागद जिवंत. रुमालात गेला की त्यावर करण्यासारखं काही उरलं नाही. दप्तरी दाखल म्हणजे कागद टेबलावरून उठला आणि रुमालात गेला. तुमचा ‘दाखल’ बरोबरच आहे, प्रवेश झालाच आहे. पण तो कामात नव्हे, संग्रहात. मंत्रालयाच्या भाषेत यालाच ‘नस्तीबंद’ म्हणतात.

म्हणून एखादी मागणी किंवा प्रस्ताव दप्तरी दाखल झाला, तर व्यवहारात तो नाकारलाच गेला असं समजायचं. फेटाळला असं स्पष्ट लिहिलं की कारण द्यावं लागतं, कोणी विरोध केला ते दिसतं. दप्तरी दाखल लिहिलं की कोणाचंच नाव पुढे येत नाही. इतकी वर्षं हा शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे आणि आज तुमचा प्रश्न वाचून वाटतं, ‘नामंजूर’ हा शब्द अधिक प्रामाणिक होता.

प्रतिसाद

काकांच्या उत्तराला एक दुरुस्ती सुचवते. दप्तरी दाखल म्हणजे दर वेळी नकार नव्हे. शासनाचं परिपत्रक आलं, जमाखर्चाचं पत्रक सभेपुढे ठेवलं, कोणा संस्थेचं आभाराचं पत्र आलं, तर सभा ते वाचते आणि दप्तरी दाखल करते. तिथे अर्थ एवढाच, की माहिती घेतली, नोंद ठेवली. तिथे नाकारण्यासारखं काही नसतंच.

म्हणजे कागदात काही मागितलं आहे का, हे आधी पाहायचं. मागणी नसेल तर दप्तरी दाखल म्हणजे नोंद झाली. मागणी असेल तर दप्तरी दाखल म्हणजे नाही. मुंबई महापालिकेच्या स्थायी समितीच्या, म्हणजे खर्चाचे प्रस्ताव मंजूर करणाऱ्या समितीच्या, बातम्यांत ‘प्रस्ताव दफ्तरी दाखल’ असं यायचं ते दुसऱ्या अर्थाने, आणि वाचणाऱ्यांना ते कळायचंही. वर्तमानपत्रांत दप्तरी आणि दफ्तरी दोन्ही दिसतं. मूळ उच्चार फ चा, मराठीने त्याचा प केला. दोन्ही चालतं, अर्थात फरक नाही.

प्रतिसाद (सभा शाखेतले)

दुरुस्ती मान्य. मी मागणीच्या अर्जाचा विचार करून लिहिलं होतं.

ताई, आता शेजारचे शब्दही पाहून घ्या, कारण कागदावर कोणता शब्द आहे त्यावर पुढची वाट ठरते.

‘तहकूब’ हा अरबीतून आलेला. अर्थ पुढे ढकललेला, थांबवून ठेवलेला. सभाही तहकूब होते आणि एकटा विषयही. गणसंख्या, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, नसली की सभा तहकूब, कोणी मान्यवर गेले की श्रद्धांजली वाहून सभा तहकूब. अशी सभा पुन्हा भरते तेव्हा तिला ‘तहकूब सभा’ म्हणतात आणि तिच्यापुढे जुनीच कार्यक्रमपत्रिका असते. तहकूब झालेला विषय मेलेला नाही. तो परत येतो, निदान यायला हवा.

एखादा विषय ‘राखून ठेवला’ असं लिहिलेलं आढळेल. बहुधा माहिती अपुरी असते किंवा जागा पाहायची असते. ‘अभिप्रायार्थ प्रशासनाकडे’ म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी काय ते लिहून कळवायचं, मग सभा ठरवणार. ‘अवलोकनार्थ’ म्हणजे फक्त पाहण्यासाठी, त्यावर मत द्यायचं नाही. आणि ‘विखंडित’ हा शब्द दिसला तर समजा, की सभेने ठराव केला होता पण वरून तो मोडला. वि आणि खंड, तुकडे करणं. महापालिकांच्या १९४९च्या अधिनियमातल्या कलम ४५१ खाली राज्य शासन ठराव निलंबित किंवा विखंडित करू शकतं. तुमच्यासारख्या नगरपरिषदेला १९६५चा अधिनियम लागू आहे. तिथे कलम ३०८ खाली ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे.

सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो ‘कायम’ या शब्दाने. सभेचा पहिला विषय ठरलेला असतो, ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’. लोकांना वाटतं, मागचे निर्णय आता कायमचे झाले. तसं नाही. मागच्या सभेत जे घडलं ते बरोबर लिहिलं गेलं आहे, एवढंच सभा मान्य करते. निर्णय योग्य होता की अयोग्य, याचा त्यात संबंध नाही. म्हणून नगरसेवकांनी हा पहिला विषय झोपेत जाऊ देऊ नये. सभेत वाचलीच न गेलेली उपसूचना इतिवृत्तात उमटली, अशी तक्रार किती तरी गावांत झाली आहे. ती पकडायची जागा हीच. एकदा कायम म्हटलं की नंतर ‘मी असं बोललोच नव्हतो’ म्हणून उपयोग नाही.

प्रतिसाद

‘उपसूचना’ हा शब्द आला म्हणून लिहितो. घरात सूचना म्हणजे सांगणं, ताकीद: ‘पोरांना सूचना देऊन ठेव’. सभागृहात सूचना म्हणजे सभेपुढे मांडलेला प्रस्ताव. तो मांडणारा सूचक, त्याला दुजोरा देणारा अनुमोदक. त्या सूचनेत बदल सुचवणारी ती उपसूचना. लहान सूचना असा अर्थ कोणी घेऊ नये. दोन ओळींची उपसूचना मूळ विषयाचा पार कायापालट करू शकते. अभ्यासिकेची सूचना आणि ‘सदर जागा भाडेतत्त्वावर द्यावी’ अशी उपसूचना आली, की काय झालं ते बघा.

आमच्या नागपूरकडे संपूर्ण सभेला आम्ही ‘आमसभा’ म्हणतो. चंद्रपूरलाही तेच. नाशिक-सांगलीकडे ‘महासभा’. पुण्यात ‘मुख्य सभा’. कायद्यात शोधताना यामुळे अडचण होते, सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात.

प्रतिसाद

अगदी. आणि सभेचं कामकाज पाहणारा अधिकारी पुण्यात ‘नगरसचिव’, तर मुंबईत ‘चिटणीस’. मुंबईतला शब्द जुना आहे, पत्रव्यवहार सांभाळणारा चिटणीस मराठेशाहीपासून ओळखीचा. मला तो जास्त आवडतो. त्यात लिहिण्याचं काम आहे, आणि या पदाचं खरं काम तेच.

पुण्याचा आणखी एक शब्द परगावच्या माणसाला हमखास चकवतो: ‘वर्गीकरण’. शाळेत वर्गीकरण म्हणजे गट पाडणं. महापालिकेत वर्गीकरण म्हणजे अंदाजपत्रकात एका कामासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवणं. ‘उद्यानाच्या निधीचे वर्गीकरण’ अशी बातमी वाचून उद्यानांची यादी केली असेल असं वाटतं. प्रत्यक्षात उद्यानाचे पैसे गेलेले असतात.

तसाच ‘स्थायी’. स्थायी समिती स्थायी आहे, सदस्य नाहीत. १९४९च्या अधिनियमाप्रमाणे समितीत सोळा सदस्य, आणि दर वर्षी निम्मे निवृत्त होतात. पहिल्या वर्षी कोणते आठ जायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात.

प्रतिसाद

शब्दांची चर्चा चालली आहे तर ‘महापौर’ राहायला नको. पुर म्हणजे नगर, पुरात राहणारा तो पौर. पौर म्हणजे नागरिक. म्हणून महापौर म्हणजे शब्दशः मोठा नागरिक, शहराचा पहिला नागरिक. राजा नाही, अधिपती नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून रुळलेल्या शब्दांत हा गणला जातो. वर काकांनी सहज लिहिलेला ‘गणसंख्या’ही त्यातलाच. मुंबईत १९३१ पर्यंत हे पद ‘अध्यक्ष’ म्हणून होतं, मग मेयर झालं. १९५६ मध्ये सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. शब्द त्यांनाही तसाच लागू पडला, त्याचं वेगळं स्त्रीलिंगी रूप करावं लागलं नाही.

‘नगरपिता’चं तसं झालं नाही. जुन्या वर्तमानपत्रांत नगरसेवकांना सर्रास नगरपिते म्हणत. आता महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमधल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, २०११ पासून. निम्मं सभागृह बायकांचं असताना पिते कसं म्हणणार? शब्द आपोआप मागे पडला आणि नगरसेवक, नगरसेविका ही जोडी राहिली. पित्यापेक्षा सेवक बराच आहे, नागरिकाला त्याच्याकडे काही मागता येतं.

प्रतिसाद (सभा शाखेतले)

‘सर्वानुमते’, ‘एकमताने’ आणि ‘बहुमताने’ हे तीन शब्द सांगायचे राहिले. लोक पहिले दोन सारखेच समजतात. आमच्याकडे चर्चेनंतर कोणी हरकत घेतली नाही आणि मतदान झालंच नाही, तर सर्वानुमते लिहायचे. मतं मोजली आणि सगळी एकीकडे पडली, तर एकमताने. एक जरी विरुद्ध असेल तर बहुमताने, आणि त्या सदस्याने मागितलं तर विरोध नावानिशी नोंदवायचा. मी नव्या कारकुनांना सांगायचो, हे शब्द मोजूनच लिहा.

कारण त्या एका मताला मोल असतं. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, १८७६ पासून काही वर्षं. तेव्हा सदस्य सरकारनियुक्त असत. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार होते. स्वागताच्या सजावटीसाठी नगरपालिकेचे हजार रुपये खर्च करायचे होते. फुल्यांचं म्हणणं, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर लावा. त्यांनी एकट्याने विरोधात मत दिलं. खर्च मंजूर झालाच. पण ते मत पडलं म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. त्याऐवजी विषय नुसता सर्वानुमते मंजूर झाला असता, तर एवढं सांगायला तरी काय उरलं असतं?

प्रतिसाद

काका, एक शंका. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि प्रशासक आले. त्या काळातल्या कागदांवरही ‘ठराव’ लिहिलेलं मी पाहिलं आहे. सभाच नाही तर ठराव कसा?

प्रतिसाद (सभा शाखेतले)

कायद्याने सभेचे अधिकार प्रशासकाकडे जातात, म्हणून त्याच्या निर्णयालाही ठराव म्हणतात. कामकाजापुरतं ते ठीक आहे. पण शब्दाचा जीव त्यात नाही. ठराव हा आपला देशी शब्द, ‘ठरणे’पासूनचा. लग्न ठरतं, भाव ठरतो, बैठकीत काही ठरतं. दोन बाजू असल्याशिवाय मराठीत सहसा काही ठरत नाही. एकट्याने केलं तर तो हुकूम किंवा आदेश. त्याला आदेशच म्हणावं असं माझं मत आहे.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. कागदावरच्या शब्दावर पुढची वाट ठरते असं काकांनी लिहिलं, म्हणून मी काल नगरपरिषदेत जाऊन ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल मागितली. आज मिळाली. त्यातला मजकूर असा आहे, की जागेच्या मालकीबाबत अभिप्राय प्राप्त नसल्याने विषय तूर्त दप्तरी दाखल करण्यात येत आहे.

त्यात ‘तूर्त’ आहे. निरोपात तो शब्द नव्हता, खिडकीवरही कोणी सांगितला नाही. याचा काय अर्थ घ्यायचा?

प्रतिसाद (सभा शाखेतले)

ताई, हा शब्द ज्या कारकुनाने लिहिला त्याने तुमच्यासाठी दार उघडं ठेवलं आहे. तूर्त म्हणजे सध्यापुरतं. खरं तर तूर्त असेल तर तहकूब लिहायला हवं होतं, तूर्त आणि दप्तरी दाखल यांचं जमत नाही. पण ते आता तुमच्या फायद्याचं आहे. शिवाय कारणही लिहिलेलं आहे, मालकीबाबतचा अभिप्राय. तो आला की कारण संपतं.

नवा अर्ज करा. त्यात या ठरावाचा क्रमांक आणि दिनांक घाला, ‘तूर्त’सकट ते वाक्य जसंच्या तसं उतरवा. नगर भूमापन कार्यालयातून त्या खोलीच्या जागेचा मालमत्ता पत्रकाचा उतारा काढून जोडा, म्हणजे अभिप्रायाची वाट पाहावी लागणार नाही. अर्जाच्या शेवटी ‘विचार व्हावा’ असं लिहू नका, विचार करून पुन्हा दप्तरी दाखल करता येतं. ‘सदर जागा अभ्यासिकेसाठी देण्याचा ठराव व्हावा’ असं लिहा. आणि आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मूळ प्रश्न विचारणारी

उतारा काढायला उद्या सकाळी जाते. अर्जाचा मसुदा लिहून झाला की इथेच टाकीन, काका, तुम्ही शब्द तपासून द्याल का?