मदत हवी आहे: ॲलर्जी असलेल्या मुलीला घेऊन पुण्यात जेवायला कुठे जावं? (अर्जंट)

मिठूची_आई: रविवारी आईबाबांच्या लग्नाचा 50वा वाढदिवस, बारा-चौदा जण जेवायला जायचंय. लेकीला ॲलर्जी आहे आणि सासरचे-माहेरचे सगळे म्हणतात एक दिवसाने काय होतंय. जिथे सांगितलेलं नीट ऐकून घेतात असं फॅमिली रेस्टॉरंट सुचवा. आणि प्लीज "घरीच करा" नको, आईला त्या दिवशी ओट्यापाशी उभंच करायचं नाहीये. उद्यापर्यंत टेबल बुक करायचंय.

खमंग_फोडणी: ॲलर्जी कशाची? आणि पुण्यात कुठे? व्हेज का नॉनव्हेज?

पेठेतला_म्हातारा: आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं. पडेल ते खायचो.

चिंचगुळ: काका, तुमच्या लहानपणी हा फोरमही नव्हता.

गव्हाला_रामराम: बाहेर खाताना हिंग विसरू नका!! बाजारच्या बांधानी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, म्हणजे नुसतं वरण मागवलं तरी फोडणीतून गहू पोटात. माझ्या मुलाला सीलिॲक आहे (गव्हातलं ग्लूटेन अजिबात चालत नाही), आम्ही तर

गव्हाला_रामराम: सॉरी अर्धवट गेलं. आम्ही हिंगाची डबी सोबत नेतो.

मिठूची_आई: अहो दाण्याची ॲलर्जी, अजून कशाची! सहा वर्षांची आहे. कूट तोंडात गेलं की ओठ सुजतात, मागे एकदा धाप लागून ॲडमिट केलं होतं. काजू-बदाम चालतात, तशी टेस्ट झालीये. सिंहगड रोड, व्हेज.

खमंग_फोडणी: हे आधी लिहायचं ना ताई. मग मराठी थाळी बादच करा. भरली वांगी, कोशिंबीर, आळूची भाजी, सगळीकडे दाणे, आणि एकच डाव चार पातेल्यांत फिरतो. उडप्याकडे इडली-सांबार ठीक, पण खोबऱ्याच्या चटणीत बरेच जण दाणे वाटून घालतात. पंजाबीत ग्रेव्ही काजू-मगजची म्हणतात, पण काजू महाग झाले की त्यात काय वाटतात ते भटारखान्यालाच माहीत. मी म्हणेन दाल फ्राय, जीरा राइस, तंदुरी रोटी.

मालवणी_खाजा: कोकणी जेवण बघा की! देशावर जिथे कूट तिथे आमच्यात खोबरं. व्हेजमध्ये सोलकढी, काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी. फक्त तेल विचारा.

चिंचगुळ: तेलाचं काय? तळलेल्यातून दाणा जातो का?

खमंग_फोडणी: रिफाइंड गोडेतेलात प्रोटीन जवळजवळ उरत नाही, बहुतेकांना चालतं. घाण्याच्या तेलात राहतं. हल्ली "लाकडी घाण्याचं तेल वापरतो" अशी पाटी लावायची फॅशन आलीये, तिथून लांबच राहा. आणि रिफाइंडचंही तुमच्या डॉक्टरांना विचारा, माझ्या भरवशावर नको.

साबुदाणा_गोळी: होमिओपॅथी करा. माझ्या भाचीचं पित्त उठणं सहा महिन्यांत बंद.

चिंचगुळ: अंगावर पित्त उठणं वेगळं, धाप लागणं वेगळं. रविवारी जेवायचंय त्यांना, सहा महिन्यांनी नाही.

साबुदाणा_गोळी: अनुभव सांगितला, पटत नसेल तर सोडा. इथे सगळे डॉक्टरच झालेत.

लंडनची_वहिनी: इथे हॉटेलांना 14 ॲलर्जनची (ॲलर्जी होणाऱ्या पदार्थांची) माहिती द्यावीच लागते, मागितलं की फाइल आणून दाखवतात.

पेठेतला_म्हातारा: मग चौदा जणांची तिकिटं पाठवा.

लेबल_वाचणारा: भारतातही नियम आहे. एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) लेबलिंगच्या नियमांप्रमाणे केंद्रीय लायसन्स असलेल्या किंवा 10 वा जास्त शाखांच्या हॉटेलांनी ॲलर्जनची माहिती द्यायची असते, 1 जुलै 2022 पासून. त्यामुळे मोठ्या चेनमध्ये निदान विचारता तरी येतं.

मिठूची_आई: विचारून काय होतं हो. मागच्या वेळी एके ठिकाणी तीनदा सांगितलं दाणे नको, तरी भेळेवर दाणे आले. परत पाठवली तर वेटरने मागे वळून चमच्याने दाणे वेचले आणि तीच प्लेट पुढ्यात ठेवली, तळाशी एक फुटका दाणा तसाच. "मॅडम, काढले सगळे." वर रविवारी संकष्टी आहे, आईचा उपवास, म्हणजे शेजारच्या ताटात साबुदाण्याची खिचडी!

खमंग_फोडणी: वेटरशी बोलूच नका, मॅनेजरला दुपारी तीन-चारला फोन करा, गर्दी नसते तेव्हा. "नको" म्हटलं की त्यांना आवडनिवड वाटते. "दवाखान्यात न्यावं लागेल" म्हणा, कान टवकारतात. मुलीचं नव्या तव्यावर, धुतलेल्या कढईत करून द्याल का, एवढंच विचारा. गुळमुळीत बोलला तर दुसरं हॉटेल. खिचडी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, आणि आजीने हात धुतल्याशिवाय भरवायचं नाही.

दोन_लेकरांचा_बाप: एक विचारतो, जवळ औषध काय असतं? आमच्या धाकट्याला अंड्याची आहे.

मिठूची_आई: सिरप असतं पर्समध्ये. ॲलर्जीचंच.

दोन_लेकरांचा_बाप: सिरपने खाज-पुरळ कमी होते, श्वासाला ते पुरत नाही. त्याला ॲड्रिनलिनचं इंजेक्शन लागतं, मांडीत. परदेशात त्याची भरलेली तयार पेन मिळतात तशी आपल्याकडे सहज मिळत नाहीत, आमच्या डॉक्टरांनी ॲम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) आणि वजनाप्रमाणे डोस लिहून दिला, भरायलाही शिकवलं. एकदा ॲडमिट झालीये तर हे रविवारच्या आत विचाराच. श्वास अडकला तर वाट न बघता 108.

मिठूची_आई: हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. उद्या सकाळी फोन करते. कोकणीचं आईला विचारते, तिला आंबोळ्या आवडतात. उपवासाला चालत नाहीत पण.

मालवणी_खाजा: चंद्रोदयानंतर जा की मग! खिचडीचा प्रश्नच मिटला.

पेठेतला_म्हातारा: संकष्टीचा चंद्र उगवणार उशिरा. चौदा जणांना रविवारी रात्री दहाला टेबल देणारं हॉटेल पुण्यात सापडलं तर मलाही कळवा. पार्किंगसकट.