निळ्या बशीचा टवका उडालाय, आतून पिवळी माती दिसतेय. नकली का?

कृष्णाकाठची_सून (सांगली)
आजेसासऱ्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून आणलेली मोठी बशी माळ्यावर सापडली. पांढऱ्यावर निळं चित्र: फुलदाणी, कुंपण, एक पक्षी. मागे शिक्का नाही, पण काठाखाली तीन ठिकाणी टोचल्यासारखे डाग आहेत. मामंजी म्हणतात, डच माल आहे. जुन्या वस्तू घेणाऱ्या एकानं टवका बघितला आणि म्हणाला, "वहिनी, चिनी माती आतून पांढरी असते. हा वरनं रंग मारलेला माल." दीडशे देतो म्हणाला. देऊन टाकू? की दिवाळीत फराळाला काढू?

माहुलीकर (सातारा)
दीडशेला अजिबात देऊ नका! पिवळी माती दिसतेय म्हणूनच मी एवढं लिहायला बसलोय.

डेल्फ्ट हे हॉलंडमधलं गाव, तिथल्या कुंभारांकडे चिनी माती नव्हतीच. चीनमधून डच जहाजांनी येणारी निळी-पांढरी भांडी तिकडे फार खपायची. मिंग घराणं 1644 मध्ये पडलं, त्या धामधुमीत माल आटला आणि डेल्फ्टवाल्यांचं फावलं. गावातले बिअरचे कारखाने तेव्हा बंद पडत होते, त्या रिकाम्या इमारतींत भट्ट्या लागल्या. 1653 चा एक कारखाना तर अजून चालू आहे.

माती त्यांची साधी, पिवळट. ती झाकायची कशी? शिशाची झिलई काचेसारखी आरपार दिसते. तिच्यात कथिलाची राख मिसळली की दुधासारखी पांढरी होते. आपण पातेल्यांना कल्हई करतो तेच कथील. एकदा भाजलेली बशी त्यात बुडवायची, वाळली की कोबाल्टच्या निळ्या रंगानं चित्र काढायचं आणि पुन्हा भट्टीत. वाळलेली झिलई कुंचल्यातलं पाणी झटकन पिते, त्यामुळे रेघ पुसायची सोय नाही. मी झिलईचं काम केलंय, असल्या पृष्ठभागावर सरळ रेघ ओढून दाखवा म्हणावं त्या व्यापाऱ्याला.

काठाचे टवके तर या भांड्यांच्या पाचवीला पुजलेले. तीन डाग म्हणजे भट्टीत बशी ज्या खुंट्यांवर टेकवली, त्यांच्या खुणा.

मिरजेचा_तंबोरा
दादा, जरा दमानं. बेल्जियम-हॉलंडच्या कारखान्यांनी नंतर छापील 'डेल्फ्ट' ढिगानं काढलंय. वहिनी, सराफाकडचं भिंग आणा. निळ्यात बारीक ठिपके किंवा नक्षीला सांधा दिसला तर छापील.

कृष्णाकाठची_सून
भिंग मिळालं. ठिपके नाहीत. रेघ कुठे जाड, कुठे बारीक. काठावरची दोन पानंसुद्धा एकसारखी नाहीत, आणि पक्ष्याची चोच चक्क कुंपणात घुसलीय.

माहुलीकर
चोचीनं निकाल दिला, हातकामच. आता डेल्फ्टचं की इंग्लंडचं, हे जाणकारानं हातात घेऊन बघावं. लंडन, ब्रिस्टल, लिव्हरपूललाही हेच तंत्र होतं.

फराळाला मात्र नको. झिलईत शिसं आहे आणि आंबट लागलं की ते उतरतं. आमच्याकडे चिवड्यातही लिंबू पिळतात! टवक्यातून तेल आत मुरलं तर डाग जायचा नाही. पाण्यात भिजत घालू नका, काथ्या लावू नका. भिंतीवर लावायची तर तारेच्या आकड्यांना कापडाची पट्टी गुंडाळा. उडालेली कपची माळ्यावर सापडली तर जपून ठेवा, फेविक्विकनं चिकटवू नका.