बंद युद्धनौका ओढून नेणं: विराट अलंगहून गोव्यात आणता आली असती का?

मांडवीतीर (पर्वरी)
नमस्कार मंडळी. नौदलातून निवृत्त झालेली विमानवाहू नौका विराट गुजरातमधल्या अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्यावरून गोव्यात आणून संग्रहालय करावं, अशी मागणी आपल्याकडे जोरात होती. १२ एप्रिल २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. तोवर सुमारे ४० टक्के जहाज तोडून झालं होतं आणि ते खासगी मालकीचं होतं. कोर्टाचं कळलं, तांत्रिक बाजू कळत नाही. किनाऱ्यावर चढवलेलं जहाज परत पाण्यात का घेता येत नाही? आणि इंजिन नसलेली २२६ मीटर लांबीची नौका समुद्रातून नेतात कशी? पुढे टग (जहाजं ओढणारी ताकदवान बोट), मागे वायर, एवढंच असतं का?

खारवा (वास्को)
आधी ओढण्याचं सांगतो. विराट स्वतःच्या ताकदीवर शेवटची चालली ती जुलै २०१६ मध्ये, मुंबईहून कोचीला. तिथे सुक्या गोदीत पंखे आणि सुकाणू काढले. २३ ऑक्टोबरला टगने ओढत नेली, ती २८ ला मुंबईत पोचली. अंतर पावणेसहाशे सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे वेग जेमतेम पाच नॉट (ताशी पाच सागरी मैल). आपल्या किनाऱ्यासमोरूनच गेली ती.

वायर लावण्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं. तळाची पाणी घेणारी सगळी तोंडं बंद करून वर पट्ट्या मारायच्या. पाणबंद दारं आवळून खडूने खूण करायची, म्हणजे कुणी उघडलं तर कळतं. सुकाणू असेल तर मधोमध पक्कं बांधायचं, पंख्याचा दांडा फिरणार नाही असा अडकवायचा. डिझेलवरचे पंप डेकवर ठेवायचे आणि ते खरंच पाणी ओढतात का हे बंदरातच बघायचं. शिवाय एक नांगर सोडण्याच्या तयारीत हवा.

जहाज मागच्या बाजूला थोडं खोल बसवतात. तसं नसेल तर ते टगमागे सरळ येत नाही, डावीउजवीकडे झोके घेत राहतं. विमानवाहू नौकेत हा त्रास दुप्पट: आतलं वजन गेल्याने ती वर तरंगते आणि उंच बाजूंवर वारा शिडासारखा बसतो. त्यात सुकाणूही नाही.

नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंनी जाड साखळ्या निघतात आणि पुढे त्रिकोणी पोलादी पाटीला मिळतात. तिथून मधली वायर, मग टगची मुख्य वायर. जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथे वायर नाही, साखळीच हवी; वायर एका रात्रीत कापली जाते. मधली वायर साखळीपेक्षा मुद्दाम कमी ताकदीची घेतात. तुटायचंच झालं तर ती तुटावी, कारण ती बदलता येते. मागून आणखी एक वायर, तिला तरंगता दोर आणि टोकाला बोया (तरंगती खूण). मुख्य वायर गेली तर माणूस जहाजावर न चढवता टग तो बोया उचलते.

टगची ताकद चांगल्या हवामानावर ठरवत नाहीत. उघड्या समुद्रासाठीचा नेहमीचा हिशेब असा: २० मीटर प्रतिसेकंद वारा, ५ मीटर लाटा आणि अर्धा मीटर प्रतिसेकंद प्रवाह एकाच वेळी समोरून आले तरी जहाज मागे सरकता कामा नये.

सर्व्हेवाला (मुरगाव)
खारवाबाब, एक भर घालतो. खोल पाण्यात वायर लांब सोडतात, म्हणजे तिचा झोळ (मधला लोंबता भाग) धक्के गिळतो. अलंग ज्यावर आहे त्या खंभातच्या आखातात पाणी उथळ, तिथे तीच लांबी ठेवली तर झोळ तळाला घासतो. म्हणून आत शिरताना वायर आखडून घ्यावी लागते आणि नेमके तेव्हाच धक्के वाढतात. दिव्यांचंही लक्षात ठेवा: ओढीची लांबी २०० मीटरपेक्षा जास्त असेल तर टगवर एकाखाली एक तीन पांढरे दिवे, दिवसा टग आणि जहाज दोन्हींवर पत्त्यांतल्या चौकटसारखा काळा आकार. मागच्या जहाजावर बाजूचे दिवे आणि पिछाडीचा दिवा, बॅटरीवर. मासेमारीच्या होड्या टग आणि जहाज यांच्या मधून काढतात. सगळ्यात वाईट अपघात तिथे होतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. अलंगला उधाणाच्या भरतीला पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, कारण आखात नरसाळ्यासारखं निमुळतं आहे. गोव्यात हा फरक दोनेक मीटर. विराट १९ सप्टेंबर २०२० ला मुंबईहून निघाली, २८ ला वर चढवली. पौर्णिमा १ ऑक्टोबरची. पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधी चढवलं की पुढच्या भरत्या आणखी उंच येतात, जहाज अजून आत ओढता येतं. परत काढायचं तर तेवढंच पाणी पुन्हा हवं, आणि तोवर तळ चिखलात रुतलेला असतो.

तरीही जहाज अखंड असेल तर प्रयत्न करता येतो. तोडकाम सुरू झालं की संपलं, कारण कापायला सुरुवात नाळेपासून होते. पुढचा भाग हलका झाला की उरलेलं जहाज दर भरतीला विंचने (वायर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) आणखी वर खेचतात. त्या कापात नाळेमागची पाणबंद भिंत जाते. ती गेलेलं जहाज तरंगत ठेवायला नवी भिंतच बांधावी लागेल, तीही ओहोटीच्या चिखलात.

मांडवीतीर (पर्वरी)
म्हणजे सप्टेंबर २०२० च्या आधीच हालचाल हवी होती. पण अशा नौकेत ॲस्बेस्टॉस वगैरे असतं, ते वाटेत आड येत नाही का?

खारवा (वास्को)
येतं, आणि जबर येतं. ब्राझीलची जुनी विमानवाहू नौका साओ पाउलो ऑगस्ट २०२२ मध्ये तोडणीसाठी तुर्कस्तानकडे ओढत नेली. ॲस्बेस्टॉसच्या यादीवरून तुर्कस्तानने परवानगी काढून घेतली, टगला अर्ध्यातून माघारी वळावं लागलं. ब्राझीलमध्येही बंदरात घेतली नाही. तळाला नुकसान होऊन पाणी शिरत होतं. ३ फेब्रुवारी २०२३ ला नौदलाने ती खोल समुद्रात बुडवली. विषारी मालाची यादी निघण्याआधी पक्की करा, वायर नंतर.

सर्व्हेवाला (मुरगाव)
पुढच्या एखाद्या नौकेसाठी गोव्याला खरंच काही करायचं असेल तर सेवानिवृत्तीआधीच्या सुक्या गोदीतच तळाच्या पत्र्याची जाडी मोजून घ्यावी आणि गंजरोधक जस्ताचे ठोकळे नवे बसवावेत. आणि जागा ठरवताना पावसाळा आधी बघा. रिव्हर प्रिन्सेस हे जहाज जून २००० मध्ये कांदोळीला वाळूत बसलं, ते काढायला २०१२ उजाडलं. दोन मीटरच्या भरतीत ते उचलणार कसं? उभं जहाज नांगरावर ठेवायचं नाही. खाडीच्या आत, तळात ठोकलेल्या खांबांना कड्यांनी धरलेलं हवं, म्हणजे भरतीबरोबर वरखाली होईल पण जागा सोडणार नाही.