कॉपी ट्रेडिंग: ट्रेडरचे ९४% सौदे फायद्यात, मग माझे पैसे कमी कसे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

लीड्सला राहतो, नोकरी आयटीत, बाजाराचं ज्ञान जेमतेम. म्हणूनच कॉपी ट्रेडिंगच्या वाटेला गेलो. ट्रेडर निवडायचा, रक्कम ठरवायची. त्याने स्वतःच्या भांडवलाच्या २% चा सौदा केला की आपल्या खात्यातही २% चा आपोआप होतो. प्लॅटफॉर्मचं नाव देत नाही. एफसीएची (ब्रिटनची वित्तीय नियामक संस्था) परवानगी असलेला आहे, फसवणुकीची तक्रार नाही.

जानेवारीत एका ट्रेडरमागे २,००० पाउंड लावले. प्रोफाइलवर ९४% सौदे फायद्यात, १४ महिने सलग हिरवे. बायको म्हणाली, "एवढा हुशार आहे तर लोकांना फुकट कशाला दाखवतोय?" (फुकट नाही. कॉपी करणाऱ्यांच्या रकमेवर प्लॅटफॉर्म त्याला मोबदला देतो, हे मला फार उशिरा कळलं.)

आठ महिन्यांत बंद सौद्यांतून नफा १४८ पाउंड, उघड्या सौद्यांत तोटा ६१०. काल जेवणं आटोपल्यावर त्याचा पोर्टफोलिओ ओळ न् ओळ बघितला. युरो-डॉलरचे नऊ सौदे, नऊच्या नऊ शॉर्ट (म्हणजे भाव पडेल यावर लावलेले), सगळ्यात जुना मार्चमधला. भाव विरुद्ध गेला की वर आणखी एक शॉर्ट. नफा दिसला की पाच-दहा पिप्सवर (पिप म्हणजे भावातला अगदी बारीक बदल) पळ काढायचा, तोट्याचा सौदा मात्र बंदच करायचा नाही! आणि ते ९४% फक्त बंद सौद्यांवरून काढलेले.

आता कॉपी थांबवली तर सगळं चालू भावाने बंद होऊन तोटा पक्का होणार. थांबू की काढून घेऊ? खातं १,२०० पाउंडांवर आलं की कॉपी आपोआप बंद होईल असा स्टॉप लावलाय.

शिवाय नाशिकचा धाकटा भाऊ मागे लागलाय, त्यालाही कॉपी करायचंय. काय सांगू?

बाजारबुणगा:
काढून घ्या. त्याला मार्जिन (सौदे उघडे ठेवायला लागणारी अनामत) कमी पडलं तर तो बाहेरून पैसे ओतून तग धरेल. तुमची कॉपी त्याआधीच स्टॉपला लागून बंद होईल. म्हणजे भाव पुढे परत फिरला तरी तो सुटणार, तुम्ही नाही. तिकडे ब्रिटनमध्ये खातं उणे जाऊन तुमच्यावर देणं चढत नाही, एवढाच दिलासा. पुढच्या वेळी विन रेट (फायद्यातल्या सौद्यांची टक्केवारी) बघू नका, उघडे सौदे किती जुने आहेत ते बघा.

गोदाकाठ:
भावाला नाहीच म्हणा. भारतातून एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) परदेशी ब्रोकरकडे मार्जिनसाठी पैसे पाठवता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून अनधिकृत फॉरेक्स प्लॅटफॉर्मची यादीच लावली आहे. कोणी 'यूएसडीटीने (डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो चलन) भर' म्हणालं तर फोन ठेवायचा. आणि इथलं एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे) खुणावत असेल तर बाजार नियामक सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल वाचायला द्या: तीन वर्षांत ९३% वैयक्तिक ट्रेडर तोट्यात.
(अवांतर: वहिनींना विचारून गुंतवणूक करत जा.)

धागालेखक:
दोघांचे आभार. आज दुपारी कॉपी बंद केली, १,५२१ पाउंड परत आले. भाऊ फुगून बसलाय. सवयीने त्या ट्रेडरचं पान उघडलं: दहावा शॉर्ट घेतलाय. विन रेट अजून ९४%.