अमेरिकेतला १७६५ चा स्टॅम्प कायदा: मुद्रांक विकणाऱ्याचं काय झालं?

कोर्टासमोरचा
नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या कोर्टासमोर बावीस वर्षं स्टॅम्प विकतोय. लेक इतिहासात एम.ए. करते. परवा जेवताना म्हणाली, "बाबा, अमेरिकेत क्रांतीच्या आधी पहिला भडका स्टॅम्पवरूनच उडाला." तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे: तो कागद विकायला ज्याला नेमलं होतं, त्याचं काय झालं? आणि शिक्का चिकटवायचा होता की छापलेला?

एल्मची_सावली
काका, कागदावर तो लंडनमध्येच दाबून उठवलेला असायचा. मुकुट, गुलाब आणि 'अमेरिका' ही अक्षरं. करारपत्र, कोर्टाचा कागद, वर्तमानपत्र, पंचांग, सगळ्याला लागू. पत्त्यांच्या कॅटला १ शिलिंग, फाशांच्या जोडीला १० शिलिंग.

बोस्टनचा नेमलेला वितरक अँड्र्यू ऑलिव्हर. १४ ऑगस्ट १७६५ ला सकाळी लोक घराबाहेर पडले, तर एल्मच्या झाडाला त्याचा पुतळा लटकलेला. शेजारी एक बूट, त्यातून सैतान डोकावतोय. संध्याकाळी मिरवणूक निघाली. त्यानं नुकती बांधलेली एक इमारत लोकांनी स्टॅम्पची कचेरी समजून पाडली, मग मोर्चा घराकडे वळला. या जमावाचा म्होरक्या एबेनेझर मॅकिंटॉश, जोडे शिवणारा. दुसऱ्याच दिवशी ऑलिव्हरनं काम सोडतो म्हणून कबूल केलं. तोवर त्यानं एकही कागद विकला नव्हता, माल बोस्टनला पोचलाच नव्हता!

कोर्टासमोरचा
वाचून पोटात गोळा आला. पण एवढा राग फक्त पैशासाठी?

दौत_आणि_टाक
पैसा होताच, त्यात तो इंग्लंडच्या चलनात भरायचा, आणि ते अमेरिकेतल्या इंग्रजांच्या वसाहतींत दुर्मीळ. पण खरी ठिणगी वेगळी. आजवर असे कर त्यांच्या स्वतःच्या विधिमंडळांनी बसवले होते. हा बसवला लंडनच्या पार्लमेंटनं, जिथं त्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता. ऑक्टोबरमध्ये ९ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. व्यापाऱ्यांनी इंग्लंडचा माल मागवणं थांबवलं. 'पेन्सिल्व्हेनिया जर्नल'नं शिक्क्याच्या जागी कवटी आणि हाडं छापली. १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तेव्हा बहुतेक सगळे वितरक राजीनामे देऊन बसले होते. मार्च १७६६ मध्ये पार्लमेंटनं कायदा मागं घेतला, पण कुठलाही कायदा लादायचा आमचा हक्क कायम आहे, असं त्याबरोबरच लिहून ठेवलं. मला तर हीच ओळ जास्त महत्त्वाची वाटते.

आणि तारीख बघा. बोस्टनच्या त्या पुतळ्याच्या दोनच दिवस आधी, १२ ऑगस्ट १७६५ ला, ईस्ट इंडिया कंपनीला मुघल बादशहा शाह आलमकडून बंगालची दिवाणी मिळाली. तिकडे सारा वसूल करायचा हक्क थेट कंपनीच्या हातात गेला. हे जोडून कुणी शिकवत नाही, याचं फार वाईट वाटतं.

कोर्टासमोरचा
लेकीला आत्ताच वाचून दाखवलं. ती विचारते, ऑलिव्हर पुढं कुठं गेला?

एल्मची_सावली
बोस्टनमध्येच राहिला. डिसेंबरात त्याला त्याच झाडाखाली आणून सगळ्यांसमोर पुन्हा राजीनामा द्यायला लावला. १७७१ मध्ये तो मॅसॅच्युसेट्सचा उपगव्हर्नर झाला आणि मार्च १७७४ मध्ये वारला. ते झाड पुढच्या वर्षी इंग्लंडच्या राजाशी निष्ठा राखणाऱ्यांनी तोडून जळणाला नेलं.