मागच्या तळ्यातला गाळ (सोसायटीच्या ग्रुपवरून)

बी-२०४ वहिनी: नमस्कार. कालच्या वळवात आमच्या जिन्यापर्यंत पाणी आलं, सगळ्यांनी बघितलंय. मागच्या तळ्यात आता पाणी कमी, गाळच जास्त. बाहेर जाणाऱ्या पाईपचं अर्धं तोंड बुजलंय, त्यावर अळू उगवलंय. जूनच्या आत कोण बघणार आहे का?

ए-१०१ अण्णा: अळूच्या वड्या करा की वहिनी 😄

बी-२०४ वहिनी: तुमची गाडी उंचावर लागते म्हणून चेष्टा सुचते अण्णा.

सी-३०३: गाळ काढायच्या परवानगीच्या अर्जाची पोच कुठे आहे? कृपया ग्रुपवर टाकावी.

सेक्रेटरी: अर्ज मागल्या महिन्यात दिलाय. ऑफिसातले "बघतो" म्हणालेत.

डी-१०२: आपल्याच आवारातला खड्डा उकरायला परवानगी कशाला? मेव्हण्याचा जेसीबी आहे. रविवारी सकाळी लावला की दुपारपर्यंत काम खल्लास. निघालेला मुरूम मी शेतावर नेतो, सोसायटीचा खर्च शून्य. नाद खुळा!

बी-४०१ सर: गाळ काढून तळं मूळ खोलीला आणणं वेगळं आणि खाली आणखी खोदून मुरूम काढणं वेगळं. मुरूम गौण खनिजात येतो. बाहेर न्यायचा तर तहसीलदारांची परवानगी, रॉयल्टी, वाहतूक पास. विनापरवाना सापडला तर महसूल संहिता कलम ४८(७), बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. गाडीही अडकते. शिवाय तळं मंजूर नकाशात आहे, महापालिकेला न कळवता आकार बदलता येत नाही.

डी-१०२: सर, मी गाळच म्हणतोय.

बी-४०१ सर: परवा मीटिंगमध्ये "आठ फूट खाली जाऊया" कोण म्हणालं?

ए-१०१ अण्णा: आठ फूट म्हणजे दुसरा रंकाळाच की! भेळेच्या गाड्या पण बोलवूया.

सी-३०३: अर्जाची पोच कृपया ग्रुपवर टाकावी.

सी-१०३: २०१९ ला, २०२१ ला पाणी आलं तेव्हा तळं साफ असतं तर वाचलो असतो.

बी-४०१ सर: महापुराचा याच्याशी संबंध नाही. पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून चढतच गेली की नाल्यातून फुगवटा उलटा येतो, तिथं आपलं तळं काय करणार? हे तळं रोजच्या पावसासाठी. पाणी इथं थांबतं, माती खाली बसते, नितळ पाणी नाल्याला जातं. गाळ भरला की माती सरळ नाल्यात, आणि पाणी वहिनींच्या जिन्यात.

ए-४०४ काकू: जेसीबी कंपाउंडच्या भिंतीला चिकटून लावू नका. तिथं आधीच तडा आहे. आणि पोरं त्या काठावर क्रिकेट खेळतात, आधी जाळी मारा.

डी-१०२: जाळीचे पैसे कोण देणार? काही लोकांचा मेंटेनन्स दिवाळीपासून थकलाय.

सी-१०३: नाव घेऊन बोला.

डी-१०२: ज्याला लागलं त्यानं समजून घ्यावं.

सेक्रेटरी: हा विषय इथं नको 🙏 सोमवारी मी परत जातोय. अर्जात "फक्त गाळ, मूळ तळापर्यंत, मुरूम काढणार नाही" असं स्पष्ट लिहितो. गाळ आपल्याच बागेत टाकू, म्हणजे वाहतुकीचा प्रश्न नाही. दोघं तरी सोबत या.

ए-१०१ अण्णा: मी येतो. येताना मिसळ सेक्रेटरींकडून.

डी-१०२: गाळ बागेत? वास कोण घेणार? आमची खिडकी तिकडंच आहे.

बी-२०४ वहिनी: आमच्या जिन्यात आता येतोच आहे तो वास.

सी-३०३: पोच?

सेक्रेटरी: (फोटो) घ्या.

सी-३०३: शिक्का दिसतोय, तारीख दिसत नाही. परत पाठवा.