नऊचा नियम चौथीपर्यंतच का? आठवी ते दहावीच्या मुलांची झोप कुणी बघायची?

डोंबिवलीची आई
डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप होत नाही, शाळेच्या वेळा बदलायचा विचार करा, असं जाहीरपणे सुचवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय आला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतरच भरवायचे. लहानग्यांचं भलंच झालं. पण जिथे इमारत एक आणि शिफ्ट दोन, तिथे धाकटे दुपारी गेले आणि हायस्कूल सकाळी सातवर आलं. आमच्याकडे हेच झालं.

मुलगा नववीत आहे. पावणेसहाला उठवावं लागतं. शाळा सव्वाबाराला सुटते, चार ते सात क्लास, मग गृहपाठ. अंग टाकेपर्यंत अकरा. त्यातच यंदा तो राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेच्या (शाळकरी मुलांच्या विज्ञान प्रकल्पांची स्पर्धा) प्रकल्पात आहे. गट दोघांचा, विषय परिसरातल्या विहिरींचं पाणी. नमुने गोळा करायचे, नोंदी ठेवायच्या, तक्ते काढायचे. त्याला हे मनापासून आवडतं. पण मार्गदर्शक बाईंना वेळ मिळतो तो शाळा भरायच्या आधी, म्हणजे साडेसहाला. त्या दिवसांत तो सहा तासही झोपत नाही.

तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं, म्हणजे लवकर झोप म्हटलं तरी डोळा लागत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की या वयाची शाळा साडेआठच्या आधी नको. आपण सवलत दिली ती आपोआप लवकर उठणाऱ्या वयाला, आणि ज्यांना खरी गरज होती त्यांना अंधारात बाहेर काढलं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे: हायस्कूलचा पहिला तास साडेआठच्या आधी नको, आणि स्पर्धेची तयारी शाळेच्या वेळेतच व्हावी.

खडू-फळा
ताई, तळमळ पटते, मागणी पटत नाही. मी दोन शिफ्टच्या शाळेत विज्ञान शिकवतो. हिशेब करून बघा. हायस्कूल साडेआठला भरलं तर पावणेदोनला सुटेल. वर्ग झाडून प्राथमिक दोनला बसेल आणि सातला सुटेल. पहिली-दुसरीचं लेकरू संध्याकाळी साडेसातला घरी पोचणार. ते चालेल का? जादा खोल्या बांधल्याशिवाय हा तिढा सुटत नाही, आणि शहरात जागा कुठे आहे?

दुसरं, सकाळच्या शाळेची दुपार मोकळी असते, हे मोठं धन आहे. आमच्या शाळेचे जे जे गट जिल्ह्याच्या पुढे गेले, ते दुपारी एक ते तीन प्रयोगशाळेत बसून तयार झाले. प्राथमिकला प्रयोगशाळा लागत नाही, त्यामुळे ती आमचीच असते. प्रश्नमंजूषेची जोडी असो, विज्ञान प्रदर्शनाचं मॉडेल असो, मुलांना सलग दोन तास मिळाल्याशिवाय काही उभं राहत नाही. मधल्या सुट्टीतल्या वीस मिनिटांत ते होत नाही.

सातारकर
सरांशी सहमत. शाळा साडेआठची केली की पोरं बारापर्यंत मोबाइल बघणार. झोपेचा आकडा तोच राहील. आधी घरातलं वाय-फाय दहाला बंद करा.

डोंबिवलीची आई
@खडू-फळा सर, दुपार मोकळी असते ही कागदावरची गोष्ट. आमच्याकडे ती क्लासने खाल्ली आहे. नववीच्या वर्गात बहुतेक मुलं कुठल्या ना कुठल्या क्लासला जातात, आणि क्लासवाल्यांनी आपल्या बॅचा शाळा सुटण्याच्या वेळेवरच बेतल्या आहेत. त्यात बाईंनाही दुपारी वेळ नसतो, म्हणून तर गटाला साडेसहाला भेटावं लागतं.

@सातारकर, फोन दहाला बाहेरच्या खोलीत असतो. मुलगा पुस्तकासमोर बसून अकराला झोपतो.

नाशिकचा बालरोगतज्ज्ञ
सातारकर, तुमची शंका रास्त आहे, आणि ती मोजून पाहिली गेली आहे. अमेरिकेतल्या सिएटल शहराने २०१६ मध्ये हायस्कूलची वेळ ७:५० वरून ८:४५ केली. संशोधकांनी मुलांच्या मनगटावर हालचाल टिपणारी यंत्रं बांधून बदलाआधी आणि बदलानंतर झोप नोंदवली. २०१८ मध्ये निष्कर्ष आले: शाळेच्या दिवशीची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढली. वेळ पुढे गेली म्हणून मुलं तेवढीच उशिरा झोपली, असं झालं नाही.

माझ्याकडे दहावीची मुलं येतात ती डोकेदुखी, आम्लपित्त, चिडचिड घेऊन. पहिला प्रश्न मी झोपेचा विचारतो. रविवारी अकरापर्यंत झोपणारा मुलगा आळशी नसतो, आठवड्याची थकबाकी फेडत असतो.

आणखी एक. सकाळी लवकर उठायची सवय परीक्षेला कामी येते असं पालक सांगतात. दहावीच्या बोर्डाचा सकाळच्या सत्रातला पेपर अकराला सुरू होतो!

खडू-फळा
डॉक्टर, अभ्यास मान्य. पण सिएटलच्या हायस्कूलला आपली इमारत पहिली ते चौथीबरोबर वाटून घ्यायची नसते. आणि तिकडेही सगळं सरळ चाललेलं नाही. कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूल साडेआठच्या आधी भरत नाही, हे खरं. फ्लोरिडाने तसाच कायदा २०२३ मध्ये केला आणि अंमल सुरू व्हायच्या आतच २०२५ मध्ये मागे घेतला. अडचणी कसल्या, तर बसच्या फेऱ्या आणि शाळेनंतरचे उपक्रम. यातली दुसरी अडचण मी सांगतोय तीच.

गोंदियाकर
मुंबई-पुण्याच्या त्रासावरून राज्यभर एकच वेळ लावू नका. आपलं घड्याळ, म्हणजे देशाची प्रमाणवेळ, ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. गोंदियात ते सूर्याच्या जवळपास बरोबर चालतं, मुंबईत सूर्य त्याच्या सुमारे ३९ मिनिटं मागे असतो. मुंबईने स्वतःची वेगळी वेळ १९५५ पर्यंत टिकवली होती ती उगाच नाही. जानेवारीत मुंबईचा सूर्योदय सव्वासातच्या आसपास, म्हणजे डोंबिवलीची मुलं खरोखरच अंधारात निघतात. तिथे ताईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे सूर्य अर्धा तास आधी येतो आणि मार्चनंतर अकरा वाजता बाहेर उभं राहवत नाही. उन्हाळ्यात सकाळची शाळा आम्हाला हवीच. जिल्ह्याला ठरवू द्या.

तालुक्याची दहावी
मी स्वतः दहावीत आहे, म्हणून लिहिते. आमची शाळा साडेदहा ते पाच. झोप होते. पण माझं गाव तालुक्यापासून लांब आहे आणि एसटी साडेपाचची. मुलींना पास फुकट आहे, पण त्यानंतर गाडी नाही. प्रश्नमंजूषेची तयारी शाळा सुटल्यावर होते, त्यामुळे गटात दर वर्षी तालुक्यात राहणारीच मुलं असतात. आठवीत निवड चाचणीत मी दुसरी आले होते. बाईंनी विचारलं, थांबशील का रोज सहापर्यंत? मी नाही म्हणाले. माझ्या जागी तिसऱ्या नंबरचा मुलगा गेला.

काका-काकू सगळे शाळा भरायच्या वेळेवर बोलताय. आमच्यासाठी सुटायची वेळ महत्त्वाची आहे. सात ते बारा शाळा असती तर मी दुपारच्या गाडीपर्यंत थांबले असते. मला पहाटे उठायला चालेल.

नाशिकचा बालरोगतज्ज्ञ
बाळ, तू लिहिलंस ते फार मोलाचं आहे. पण पहाटे उठायची तयारी तू दाखवावीस, हे मला मान्य नाही. सातच्या शाळेसाठी तुझ्या गावाहून तुला किती वाजता निघावं लागेल? तुझ्या झोपेच्या बदल्यात स्पर्धा, असा सौदा शाळेने तुझ्यासमोर ठेवूच नये.

सातारकर
मोबाइलचा मुद्दा सोडत नाही. पण या मुलीचं वाचून वाटतं, गट शाळेच्या वेळेतच तयार झाला पाहिजे. शाळा शिकवायला जितकी आहे तितकीच हे करायलाही आहे.

खडू-फळा
हे मी उचलतो. आमच्याकडे शनिवारी शाळा अर्धा दिवस. शेवटचे दोन तास गटांना द्यायचे: बाल विज्ञान परिषद, विज्ञान प्रदर्शन, प्रश्नमंजूषा, वक्तृत्व. ज्यांचा गट नाही त्यांना वाचनालय. एसटीच्या मुलांनाही येता येईल. मुख्याध्यापकांकडे हा प्रस्ताव मी नेणार आहे. सकाळी सातच्या आधी स्पर्धेसाठी कुणालाही बोलवायचं नाही, हेही त्यात घालतो. साडेआठला मात्र माझा विरोध कायम, खोल्या मिळेपर्यंत.

डोंबिवलीची आई
शनिवारचं मनापासून पटलं. आमच्या पालक-शिक्षक संघात मीही मांडते. पण सर, खोल्या मिळेपर्यंत म्हणजे कधीपर्यंत? माझा मुलगा तोवर दहावी होऊन बाहेर पडेल. शेजारची महापालिकेची शाळा पट कमी झाल्याने अर्धी रिकामी आहे. तिथे आमचे पाचवी-सहावीचे वर्ग बसवता आले तर इकडे खोल्या मोकळ्या होतील, मग धाकट्यांना संध्याकाळी सातपर्यंत थांबवावं लागत नाही आणि नववी-दहावीला आठ-सव्वाआठ तरी करता येतात. संस्था निराळ्या म्हणून हे कुणी विचारतच नाही.

खडू-फळा
वर्ग दुसऱ्या इमारतीत हलवायचे तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागेल, आणि शिक्षकांना दोन इमारतींत धावावं लागेल. सोपं नाही. पण तुमच्या संघाने लेखी मागणी केली तर शिक्षकांच्या बाजूने मी सही करीन.

तालुक्याची दहावी
सर, शनिवारचा प्रस्ताव आमच्याही शाळेला पाठवता येईल का? माझं हे शेवटचं वर्ष आहे, पण बहीण सातवीत आहे आणि ती माझ्याच गाडीने येते.